माझी दुसरी क्लिप

मी एक रबरी कपलिंग बोलतेय. न जुळणारे दोन पाइप जोडणारी. एका बाजूने रुंद, दुसऱ्या बाजूने अरुंद. पहिल्यांदा जे खटकलं ते अगदीच बारीक होतं. माझ्या रुंद टोकावरची पोलादी क्लिप करकचून आवळली गेली आणि अरुंद टोकाला नुसता वारा लागत राहिला.

म्हटलं, आवळतील. घाई कसली?

तशी मी शिकलेली आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला ताणलं, पिळलं, गरम पाण्यात बुडवलं, आणि पास झाले तेव्हा दोन क्लिपा आणि एक घडीचं माहितीपत्रक देऊन बाहेर पाठवलं. पण शिक्षणाचा एक तोटा असतो. काय काय बिघडू शकतं ते सगळं पाठ होतं, आणि मग साधी गांडुळाची चाहूल लागली तरी छातीत धस्स होतं.

शुमादिया नावाच्या डोंगराळ मुलखातल्या, या टेकडीवरच्या घरी मला मियोद्रागने आणलं. त्याच्या स्वयंपाकघराचं सांडपाणी नेणारा भाजक्या मातीचा पाइप आलुबुखाराच्या झाडाच्या मुळांनी अर्ध्यातच फोडला होता. हा म्हातारा पाइप मियोद्रागच्या वडिलांनी, कै. ओब्रादरावांनी, स्वतःच्या हाताने पुरलेला. त्याच्या पुढे आता नवा नारिंगी प्लास्टिकचा जोडायचा होता. म्हातारा जाडजूड, नवा सडपातळ. दोघांची तोंडं एकमेकांकडे, पण बोलणं नाही. मधे मी.

रुंद टोक आवळून झालं तेवढ्यात आलुबुखाराच्या झाडाखालून आरोळी आली. तिथे स्वेतोझारकाकांची राकियाची, म्हणजे आलुबुखाराच्या दारूची, भट्टी लागली होती.

"मियोद्राग! अरे, नळी सुटली! एक क्लिप फेक इकडे!"

"काका, ती या जोडाची आहे."

"अर्ध्या तासाचा प्रश्न आहे रे! तुझं खरकटं पाणी कुठे पळून जात नाही. इथे वर्षभराचे आलुबुखार वाफ होऊन चाललेत!"

क्लिप गेली. अर्ध्या तासाने मियोद्राग ती परत आणायला गेला, तर काकांनी आधी पहिल्या धारेची चव बघायला लावली. मग दुसऱ्या धारेची. मग पहिलीशी तुलना करायला पुन्हा पहिलीची. परत आला तो क्लिपेविना, गाणं गुणगुणतच, आणि फावड्याने माझ्यावर माती ओढली. मी ओरडले. पण रबराचा आवाज तो केवढा!

पहिल्याच दिवशी भांड्यांचं पाणी आलं आणि नवा पाइप माझ्या तोंडातून बोटभर निसटला. पाणी मातीत झिरपू लागलं. माझ्यापासून चार हातांवर तळघराची भिंत, आणि भिंतीला लागून आंबट कोबीचं पिंप. दहा दिवसांवर स्लावा आलेला, घरच्या संताचा सण. तीस पाहुणे येणार. त्या कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून सारमा करायचा, आणि यंदा तो सासूबाईंनी पहिल्यांदाच सुनेवर, ल्युबिंकावर, सोपवलेला. मोरीचं पाणी पिंपापर्यंत पोचलं तर पोरीने तीस जणांना तोंड कसं दाखवायचं?

मग मला युक्ती सुचली. पाणी आलं की मी अंग आखडून घ्यायचे. हवा मागे सरायची, म्हाताऱ्या पाइपातून चढत थेट स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये निघायची: गुड् गुड् गुड्.

वर चमचा पडल्याचा आवाज झाला. ती ल्युबिंका. तीही माझ्यासारखीच, जरा खुट्ट झालं की दचकणारी.

"आई, सिंकमधून कुणीतरी बोलतंय!"

सासूबाई, स्तानियाबाई, सिंकवर वाकल्या. कान लावला. मग म्हणाल्या, "ओब्राद?"

"अगं आई, हवा आहे ती पाइपातली," मियोद्राग म्हणाला.

"तू मला सांगू नकोस. एक्केचाळीस वर्षं झोपलेय मी त्या पोटाशेजारी. अस्संच वाजायचं." आणि मेलेल्या माणसासाठी थेंब सांडायची या घरची रीत, म्हणून त्यांनी चिमुकला पेला भरून राकिया सिंकमध्ये ओतली. "घे. पण बेताने."

मी गरगरले. घाबरून आणखी गुडगुडले.

"बघ! अजून मागतोय. जिवंतपणी तरी कधी एकावर थांबला होता?"

दुसऱ्या दिवशी स्वेतोझारकाका आले. सिंकपुढे टोपी काढून उभे राहिले. "वहिनी, त्याला विचारा, माझी कुऱ्हाड कुणाला देऊन बसला होता? खालच्या आळीतल्या त्या धाकट्या गावराला का?"

भांडी विसळली गेली. गुड् गुड्.

"दोनदा! म्हणजे हो! तरी मी म्हणत होतो, चोर लेकाचा!"

नंतर शेजारीण आली, तिला अक्रोडाच्या झाडाची हद्द ठरवायची होती. प्रत्येक प्रश्नाला एक पेला. मी 'वाचवा' म्हणायचे आणि लोक आपापल्या सोयीचं उत्तर घेऊन घरी जायचे. असं कुणाच्याही बाबतीत होऊ नये. तुमच्या सिंकमध्ये गुडगुडलं तर कृपा करून आधी जमीन उकरा, पेला नंतर भरा.

पाणी मात्र रोज वीतभर पुढे सरकत होतं. स्लावाच्या आदल्या दुपारी ते भिंतीला टेकलं. नवा पाइप माझ्या ओठांवर जेमतेम नखभर उरला होता. घरचे सगळे चर्चमध्ये गेलेले. ल्युबिंका एकटी तळघरात उतरली, आणि भिंतीतल्या झरोक्यातून मला तिचा श्वास ऐकू येऊ लागला.

"अगं बाई. भिंत ओली कशी?"

मग लाकूड घासल्याचा आवाज. ती पिंप ओढत होती. एकटी, हुंदके देत, तसूतसूने. "भिजलं नाहीये ना... नाही, कोरडं आहे. कोरडं आहे, देवा."

मग फळीवरून मिरच्यांच्या ठेच्याची बरणी उचलल्याचा आवाज आला, आणि बुडाला चिकटलेला कागद टर्रकन सुटल्याचा. फळी डागाळू नये म्हणून सासूबाईंनी खाली काय अंथरलं होतं, ते मला त्या आवाजावरूनच कळलं. माझं माहितीपत्रक!

"हे काय चित्र आहे... इकडे एक क्लिप," ती पुटपुटली. "आणि इकडे एक. दोन?"

पावलं झरोक्याशी आली. समोरच आलुबुखाराचं झाड आहे आणि त्याखाली गार पडलेली भट्टी, नळीवर माझी क्लिप तशीच.

"तरीच," ती म्हणाली.

पावलं धावत वर गेली. मग काहीच नाही. मला वाटलं, घाबरून पळाली. किंवा आता तीही पेला भरणार. सिंकमधून कसलंतरी उरलंसुरलं पाणी खाली आलं. मी होता नव्हता तेवढा जीव गोळा केला, अंग आखडलं आणि शेवटची हाक दिली: गुड् गुड् गुड्.

वर पेला वाजला नाही. कुणी ओब्रादरावांचं नाव घेतलं नाही. सिंकवर कुणीतरी वाकलं आणि म्हाताऱ्या पाइपातून, थरथरत पण स्पष्ट, आवाज उतरत आला:

"ऐकलं गं, ऐकलं! जरा घट्ट धरून राहा. तुझी दुसरी क्लिप घेऊन येतेय मी."