चार हजार बारावर अडलेली लाल गाडी

बंद पडलेल्या पेट्रोल पंपामागच्या अंगणात त्या संध्याकाळी एवढी माणसे लोटली होती की मागच्यांना पुढच्यांच्या डोक्यांखेरीज काहीही दिसत नव्हते. तरीही "दिसलं! दिसलं!" असा गलबला सर्वांत मोठ्याने मागच्या रांगेतूनच उठत होता.

दोरीच्या पलीकडे ती उभी होती. लालभडक, बुटकी, दोघांपुरतीच जागा असलेली जुनी स्पोर्ट्स कार. बोनेट इतके चकचकीत की पार्लरवाल्या बाईंनी लांबूनच त्यात पाहून केस सारखे केले. गाडीजवळ पांढरेशुभ्र हातमोजे चढवून उभा असलेला गृहस्थ गेल्या वर्षापर्यंत जुन्या गाड्यांचा साधा दलाल होता. आता सारे गाव त्याला 'अधांतरी बुवा' म्हणत असे.

"प्रवाशांनो!" बुवांनी हात उंचावले. "जो जमिनीवर चालतो, तो झिजतो. जो झिजतो, तो मोजला जातो. पण ही गाडी चालत नाही. ही काय करते?"

"तरंगते!" गर्दी ओरडली.

"एका मौनी साधकाने तीस वर्षं हिला हाकलं. वाळवंटं पार केली, डोंगर पार केले. आणि मीटरवर किलोमीटर किती?"

"चार हजार बारा!"

"का?"

"चाक जमिनीला लागतच नाही!"

बुवांनी खिशातून रेशमी रुमाल काढला, गुडघे टेकले आणि उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाखाली तो एका अंगाने सरकवला. क्षणभराने दुसऱ्या अंगाने दोन बोटांनी अलगद बाहेर ओढला. रुमालाला चुणीसुद्धा पडली नव्हती. गर्दीने श्वास रोखून धरला. एका गृहस्थांनी आपली गुडघेदुखी तत्क्षणी थांबल्याचे जाहीर केले. त्यांना गुडघेदुखी होती हे त्यांच्या पत्नीलाही तेव्हाच कळले.

याच वेळी गर्दी मधोमध दुभंगू लागली. कोणी सांगितले नव्हते, कोणी ढकललेही नव्हते. मोठ्या बाई येत होत्या.

मुलींच्या आणि पुढे मुलांच्याही शाळेत विज्ञान शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या मोठ्या बाईंना वाट मागावी लागत नसे. त्यांच्या पन्नाशीतल्या एका टकल्या माजी विद्यार्थ्याने हातातली सिगारेट खिशात टाकली आणि मग बराच वेळ खिसा झटकीत राहिला. बाईंच्या मागून त्यांची भाची येत होती. तिचे डोळे रडून सुजले होते.

दुपारी भाची त्यांच्या दारात येऊन उभी राहिली होती. "आत्या, बाबा दुकान देताहेत."

"कोणाला?"

"त्या बुवाला. गाडीच्या बदल्यात. आज संध्याकाळी सगळ्यांसमोर सही करणार."

बाजाराच्या कोपऱ्यावरचे ते चष्म्याचे दुकान. बाईंच्या धाकट्या भावाने ते उभे केले होते. गेली काही वर्षे काचा घासण्याच्या यंत्रावर भाचीच बसत असे. तिच्या हातची भिंगे घालून अर्धे गाव वर्तमानपत्र वाचत होते. दुकान तिच्या हाती द्यायचे हे केव्हाच ठरले होते. आणि आज ते एका बुटक्या लाल गाडीवर ओवाळून टाकले जाणार होते.

भाऊ दोरीच्या आतच खुर्चीवर बसला होता. समोर टेबल, टेबलावर करारनामा, वर पेन. बहिणीला पाहताच त्याने पेन उचलले आणि पुन्हा ठेवले.

"ताई, तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्ये पडत नाही. मी पुढे उभी राहते. तुला ही गाडी का हवी आहे?"

"मी स्वतः बसून आलोय. तलावापर्यंत गेलो, परत आलो. आकडा जागचा हलला नाही."

"आणि वेगाचा काटा?"

"तोही नाही. शून्यावर होता."

"म्हणजे गाडी उभीच होती?"

"उभी कसली! माझी टोपी उडाली!"

"टोपीला वेग कळला, काट्याला कळला नाही. बरं."

भावाने मान खाली घातली. मग तो इतक्या हळू बोलला की ते फक्त बाईंनाच ऐकू गेले. "बुवा म्हणतात, हिच्यात बसलेला वेळ आयुष्यात धरला जात नाही. पोरीची आई गेल्यापासून दिवस नुसते पळताहेत गं, ताई. त्या दिवशी तलावाकाठी वाटलं, निदान एवढी एक फेरी तरी कुणी मोजली नाही."

भावजय गेल्यावर हा वेळेवर जेवतो की नाही, एवढेच मोठ्या बाईंनी विचारले होते. याहून अधिक विचारायला हवे होते. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्या वळल्या, आणि चेहऱ्यावर पुन्हा मुख्याध्यापिका आल्या.

"काय हो, ही तरंगते ना? मग तुमचा हात चाकापुढे ठेवा. माझा भाऊ गाडी वरून नेईल."

बुवा हसले. "हातमोजे मळतील, माताजी."

"काढून ठेवा."

बुवांनी हात पाठीमागे घेतले. "श्रद्धेची परीक्षा घेऊ नये."

"श्रद्धेची कोण घेतंय? मी चाकाची घेते आहे."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसले. दातांचे डॉक्टर पुढे सरसावले. तेही बाईंचेच विद्यार्थी. "बाई, विज्ञानाला सगळंच कळतं असं नसतं."

"तुला कळत नाही ते विज्ञानाला कळत नाही, असंही नसतं. नववीतही तुझी हीच गफलत होत होती. मागे हो." मग त्या भावाकडे वळल्या. "तुझं भिंग आणलंयस?"

हा प्रश्न अनावश्यक होता. भावाच्या वरच्या खिशात भिंग आणि बारीक चिमटा कायम असे. झोपतानाच तेवढे ते उशाशी जाई.

"हे चाक बघ. गिऱ्हाइकाची काच बघतोस तसं."

भाऊ नाराजीनेच खाली बसला. पण भिंग डोळ्याला लागताच त्याचा चेहरा पालटला. चाळीस वर्षांची सवय जागी झाली. त्याने मान तिरकी केली, ओठ मिटले आणि टायरच्या एका खाचेत चिमटा घातला.

"खडा आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने, "हा दुसरा. इथे काचेचा तुकडा. आणि कडेला तर टायर पार गुळगुळीत झालाय."

"हवेतले खडे आहेत!" बुवा गरजले. "उच्च लहरींनी वर ओढले जातात!"

भावाने चिमट्याने काहीतरी गुलाबी, चिकट, लांबच लांब ताणून बाहेर काढले. "च्युइंगम," तो म्हणाला.

"तेही लहरींनी?" बाईंनी विचारले.

आता हशा मागच्या रांगेपर्यंत पोहोचला. मागच्यांना काहीच दिसले नव्हते, तरी तेच सर्वांत मोठ्याने हसले. बुवांनी घाईघाईने रुमाल बाहेर काढला. "आणि हे? हे तर तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत! चाकाखालून रुमाल जातो की नाही?"

"जातो," बाई म्हणाल्या. "आता गाडी हातभर पुढे घ्या आणि पुन्हा घाला."

बुवांचे हातमोजे हवेत थबकले. "ही जागा सिद्ध केलेली आहे."

"मग गुण जागेचा की गाडीचा? माझा भाऊ गाडी घेतो आहे. फरशी घेत नाही."

टकल्या विद्यार्थ्याला हा मुद्दा एकदम पटला. तो आणि आणखी दोघे दोरी ओलांडून आत आले. भावाने आत बसून हँडब्रेक सोडला, तिघांनी मागून रेटा दिला आणि गाडी पुढे सरकली. जिथे चाक होते तिथे फरशीत एक आडवी खाच दिसली. बोटभर रुंद, बोटभर खोल, आतून फरशीच्याच रंगात रंगवलेली. पूर्वी इथे गाड्या धूत असत, तेव्हाचा तो पाणी वाहून जायचा चर. चाक त्याच्या दोन काठांवर टेके, आणि खालच्या पोकळीतून रुमाल आरामात पलीकडे जाई. दोरी गाडीपासून एवढ्या दूर का बांधली होती, तेही आता कळले.

डॉक्टरांनी खाचेत बोट घालून पाहिले. दाताची कीड तपासावी तसे ते बराच वेळ तपासत होते. बाईंनी बुवांच्या हातातला रुमाल घेतला आणि चाकाच्या नव्या जागी सरकवून पाहिला. त्याचा चुरगळून बोळा झाला.

पण बुवा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी आकाशाकडे पाहून दीर्घ उसासा सोडला. "अविश्वासाचा भार पडला! तुमच्या शंकेनं माझी गाडी जमिनीवर बसली!"

"अरेरे," पार्लरवाल्या बाई हळहळल्या. गर्दी पुन्हा डळमळू लागली. भाचीने आत्याचा पदर घट्ट धरला.

मोठ्या बाईंच्या डोळ्यांत मात्र समाधान चमकले. विद्यार्थ्याने आपण होऊन योग्य पायरीवर पाय ठेवला, की त्यांना असेच वाटत असे.

"बसली ना जमिनीवर? तुम्हीच म्हणालात. सगळ्यांनी ऐकलंत? आता हिची चाकं जमिनीला लागतात. तर मग आता फेरी मारली की आकडा हलायलाच हवा. डॉक्टर, तू शेजारी बस आणि नजर मीटरवर ठेव."

लाल गाडी गुरगुरत अंगणाबाहेर पडली, बाजाराला वळसा घालून आली. डॉक्टर खाली उतरले ते हात नाचवीतच. "नाही हलला! चार हजार बाराच! पाहिलंत, बाई? नाही हलला!"

गर्दीने टाळ्या पिटल्या. बुवांनीही दोन वाजवल्या आणि मध्येच थांबले.

बाई डॉक्टरांकडे नुसत्या पाहत राहिल्या. फळ्याशी एखादा मुलगा अडला की त्या अशाच वाट पाहत. टाळ्या विरत गेल्या. डॉक्टरांच्या कपाळावर आठी उमटली.

"थांबा," ते पुटपुटले. "तरंगत होती तेव्हा हलला नाही. आता तरंगत नाही, तरी हलत नाही. म्हणजे... तरंगण्याचा आणि आकड्याचा संबंधच नाही!"

"शाबास. उशिरा का होईना. मग आकडा कशामुळे थांबतो?"

"मीटरच बंद आहे!" मागच्या रांगेतून आवाज आला. या खेपेला त्यांना खरोखरच दिसले होते.

भाऊ गाडीतून उतरलाच नव्हता. तो वाकून मीटरच्या मागे हात घालून चाचपत होता. त्याचा आवाज आतूनच आला. "ताई, इथे तार लोंबकळते आहे. पेच सोडून ठेवलाय."

साऱ्या चमत्काराचे मूळ एवढेच होते. जुन्या गाडीत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक तार जाते. चाके फिरली की ती फिरते. तिनेच वेगाचा काटा चढतो आणि तिनेच किलोमीटरचा आकडा पुढे सरकतो. मागचा पेच सोडून तार बाजूला केली की गाडीने पृथ्वीप्रदक्षिणा केली तरी मीटर गाढ झोपलेले. म्हणून तर टोपी उडाली तरी काटा शून्यावर होता.

चष्म्यांचे इवलेसे स्क्रू बसवण्यात आयुष्य घालवलेल्या बोटांना तो पेच आवळायला वेळ लागला नाही. भावाने मान वर काढली आणि मुलीकडे पाहिले. "येतेस?"

भाची शेजारी जाऊन बसली. दोघे तलावाकडे निघून गेले.

बुवा हळूच फाटकाकडे सरकत होते. "तुम्ही तिथे भिंतीशी उभे राहा," बाई म्हणाल्या, आणि आश्चर्य असे की बुवा उभे राहिले. फेरीमागे बुवांनी ज्यांच्याकडून पैसे उकळले होते, ती मंडळी त्यांच्याभोवती जमा झाली. त्या संध्याकाळी झालेला खराखुरा चमत्कार म्हणायचा तर हाच: बुवांना एक शब्द सुचेना.

बाई गर्दीला म्हणाल्या, "यात हुशारी लागत नाही. तुमच्यातल्या प्रत्येकाला हे जमलं असतं. हातभर पुढे घे, एवढंच म्हणायचं होतं. कोणी अचंबा दाखवला तर जरूर बघा, पण जागा बदलून पुन्हा करायला सांगा. खरं असेल ते दुसऱ्या जागीही खरंच ठरेल. आणि जो दोरीमागे उभं करतो, त्याला दोरी का, ते विचारा. विचारल्यानं खऱ्या गोष्टीचं कधीच काही बिघडत नाही."

दूरवरून इंजिनाचा आवाज आला. गाडी येऊन थांबली तेव्हा बापलेक दोघांचेही केस विस्कटलेले होते. भाऊ उतरून टेबलाशी गेला, करारनामा उचलला आणि घडी घालून मुलीच्या हातात दिला. "बंबात घाल," तो म्हणाला. मग बहिणीजवळ आला.

"आकडा हलला, ताई. चार हजार अठरा झाला."

"वाईट वाटलं?"

त्याने थोडा विचार केला. "वाटेल असं वाटलं होतं. पण ही शेजारी बसून बडबडत होती, दुकानात कुठली यंत्रं आणायची ते सांगत होती. मोजली तरी फेरी तेवढीच छान झाली गं."

बाईंनी नाक ओढले. धूळ फार उडत होती.

इतक्यात पार्लरवाल्या बाई हात जोडून त्यांच्यासमोर येऊन ठाकल्या. मागे दहाबारा माणसे. "मोठ्या बाई, तुम्हाला सगळं आरपार दिसतं! दिव्य दृष्टी आहे तुम्हाला! आमच्या स्कूटरवरही एकदा नजर टाका ना!"

"दिव्य दृष्टी?" बाई कडाडल्या. टकल्या विद्यार्थ्याने सवयीने कान झाकले. बाईंनी नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि सर्वांना दिसेल असा उंच धरला. "चष्मा म्हणतात याला. बाजाराच्या कोपऱ्यावर मिळतो. माझी भाची बनवते. उद्या सकाळी दुकान उघडं आहे. तुम्ही सगळ्यांनी रांगेनं यायचं आहे."