काचेचं खालच्या फळीवर

"पावसाळ्यात घर विकायला काढायचं? मामा, लोक वेड्यात काढतील."

"काढू देत की," मामा म्हणाला. "बाकीच्यांची घरं उन्हाळ्यात जातात, मान्य. शाळांना सुट्ट्या असतात, भिंती कोरड्या असतात, माणसं मोकळी असतात. पण तुझं घर उन्हाळ्यात कोणाला दाखवलंस तर तो फाटकातूनच मागे फिरेल. तुझं घर पावसाळ्यातच विकायचं घर आहे, भाचेबुवा."

मामानं सगळी हयात घरांच्या दलालीत घालवली होती. कोणतं घर सकाळी दाखवायचं, कोणतं दिवे लागल्यावर, कोणत्या घराची कोणती खिडकी उघडायची नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. भाच्याचं मात्र घरांशी काही देणंघेणं नव्हतं. बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात तो डोळे तपासायचा आणि काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. सगळा बाजार त्याला चष्मेवाला म्हणायचा, आणि आता घरचेही गमतीनं तेच म्हणत. लग्न राहून गेलं होतं. घरात तो आणि त्याची आई, एवढीच माणसं.

घर तसं चांगलं होतं. वडिलांनी हौसेनं बांधलेलं, चार खोल्यांचं, मागे टेकडी. अडचण होती ती टेकडीच्या पलीकडे. तिथं दगडाची खाण होती. वडिलांनी जागा घेतली तेव्हा ती लांब होती, मग टेकडी खात खात जवळ आली. रोज दुपारी आधी भोंगा व्हायचा, मग सुरुंग उडायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत खडी फोडायचं मशीन चालायचं. धूळ तर विचारूच नका. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. फक्त पावसाळ्यात खाणीत पाणी भरायचं आणि काम बंद पडायचं. झाडं धुऊन निघायची, टेकडी हिरवी व्हायची, आणि घर असं गुणी दिसायला लागायचं की विचारता सोय नाही.

या घरातल्या माणसांना काही सवयी लागल्या होत्या. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोला दोन दोन खिळे होते. बोलता बोलता भोंगा झाला की बोलणारा थांबायचा, आणि सुरुंग उडून गेला की जिथं सोडलं त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचा. बैठकीच्या खोलीत भिंतीतच बसवलेलं काचेच्या दारांचं एक कपाट होतं. भोंगा झाला की जो जवळ असेल त्यानं उठून दोन्ही तळवे त्या काचांवर ठेवायचे, म्हणजे त्या थरथरत नाहीत. सगळ्या जगात असंच करतात, असं चष्मेवाल्याला शाळेत जाईपर्यंत वाटत होतं.

घर विकायचं कारणही तेच होतं. आईच्या खोकल्यानं दोन वर्षांपूर्वी जो मुक्काम ठोकला तो पावसाळ्यात तेवढा दबायचा, पण हलायला तयार नव्हता. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "त्यांना तिथून हलवा. खाण पुन्हा सुरू व्हायच्या आत जमलं तर उत्तम." जमवायचं तर जुनं घर विकल्याशिवाय नवं घेता येत नव्हतं. चष्मेवाल्यानं मामाचं ऐकलं.

पावसाची एक सर येऊन गेल्यावर मामानं गिऱ्हाईक आणलं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. चाळिशीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत आल्या. मामानं भिंतींच्या भेगा भरून नवा रंग मारून घेतला होता, त्याचा वास अजून येत होता.

"सगळ्या फोटोंना दोन दोन खिळे का हो?" सिस्टरांनी विचारलं.

"वडिलांची सवय," चष्मेवाला म्हणाला. हे खोटं नव्हतं.

मागच्या खोलीत त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. खिडकीतून टेकडी दिसत होती. "मला रात्रपाळी असते," त्या म्हणाल्या. "कायमचीच मागून घेतलीय. त्यामुळे झोपायचं ते दिवसा. आता राहते तिथं खाली वेल्डिंगचं दुकान आहे, डोक्याचा पार भुगा होतो. इथं दुपारी शांत असतं ना?"

चष्मेवाल्यानं मामाकडे पाहिलं. मामानं खिडकी आणखी उघडली.

"ऐका की तुम्हीच," मामा म्हणाला.

सिस्टरांनी खरंच कान दिला. पागोळ्या गळत होत्या, एक पक्षी ओरडत होता, बाकी काही नाही. त्यांचा चेहरा इतका सैल झाला की चष्मेवाल्यानं नजर दुसरीकडे वळवली. शेजाऱ्यालाही त्यांनी कुंपणावरून विचारून पाहिलं, की वस्ती कशी आहे. शेजारी पुढच्या वर्षी स्वतःचं घर विकायला काढायच्या बेतात होता. तो म्हणाला, "पाण्याचं सुख आहे हो इथं!"

बैठकीत आईनं चहा ठेवला. आईला सिस्टर आवडल्या होत्या, हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं. ती त्यांना आपल्या लग्नातल्या फजितीची गोष्ट सांगत होती, आणि अगदी रंगात आली होती. तेवढ्यात लांब मोठ्या रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली. तिचा आवाज हळूहळू चढत गेला, खाणीच्या भोंग्यासारखाच. सिस्टरांनी सवयीनं मान वळवली. आणि आई वाक्य अर्धं टाकून उठली, कपाटाशी गेली, आणि दोन्ही तळवे काचांवर टेकून उभी राहिली.

मामा चहाच्या कपात बघत राहिला.

"मावशी, काय झालं?" सिस्टर धावल्याच. त्यांनी आईला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, मनगट हातात घेतलं आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागल्या. "चक्कर आली का?"

आईनं मुलाकडे पाहिलं. तोपर्यंत चष्मेवाल्यानं स्वतःची एक समजूत करून घेतली होती, की आपण काही खोटं बोललेलो नाही. विचारलं त्याचं उत्तर दिलं, न विचारलेलं सांगितलं नाही, एवढंच. आता मात्र तिघंही त्याच्याकडे बघत होते.

"हो," तो म्हणाला. "येते तिला कधी कधी."

"मग एकटं नका ठेवत जाऊ त्यांना," सिस्टर कळकळीनं म्हणाल्या, आणि आईच्या पायाखाली त्यांनी स्टूल सरकवलं.

त्या गेल्यावर मामानं टाळीसाठी हात पुढे केला. चष्मेवाल्यानं टाळी दिली नाही. मामा छत्री घेऊन निघून गेला, आणि आई कपबश्या विसळता विसळता म्हणाली, "मला चक्कर कधी येते रे?"

"आई, मी काय स्वतःसाठी करतोय का?"

"माझ्या नावावर नको घालूस."

"मग सांगायचं होतंस तू. तिथंच सांगायचं होतंस."

आईनं बशी पुसली, पुन्हा पुसली. "तेच तर," ती म्हणाली. "मी तरी कुठे तोंड उघडलं. श्वास सगळ्यांनाच हवा असतो." मग दोघं एकमेकांशी जेवणापुरतं बोलले. चष्मेवाल्याला जेवण गेलं नाही. दुकानात तो चुकीच्या नंबराची काच कोणाच्या गळ्यात मारत नसे. काच किंचित वाकडी बसली तरी पुन्हा घासायचा, मालक ओरडला तरी घासायचा. त्या माणसानं एक अख्खं घर एका बाईच्या गळ्यात मारलं होतं, आणि तिनं वर त्याच्याच आईची नाडी बघितली होती.

व्यवहार पटकन झाला. सिस्टरांना घाई होती आणि या दोघांना त्याहून जास्त.

किल्ल्या द्यायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं होतं. काचेचं कपाट भिंतीतलंच, ते तिथंच राहणार होतं. आई रिकाम्या बैठकीत त्याच्यासमोर उभी होती. सिस्टरांनी आपल्या सामानातून काचेचे पेले, बरण्या काढून वरच्या फळीवर मांडायला सुरुवात केली होती, उजेडात छान दिसतील म्हणून.

"अगं, वर नको ठेवूस," आई म्हणाली.

"का हो, मावशी?"

आईनं दाराकडे पाहिलं. दारात चष्मेवाला किल्ल्या घेऊन उभा होता. "काचेचं खालच्या फळीवर ठेवावं," ती म्हणाली. "आणि फोटो दोन दोन खिळ्यांवर लाव. खिळे आहेत तसेच ठेवलेत आम्ही. आणि बाई, झोपायची खोली पुढची कर. मागची नको."

"मागचीच तर शांत आहे!" सिस्टर हसल्या. म्हाताऱ्या माणसाला घर सोडताना असं होतंच, अशा समजुतीनं त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला. आईला आणखी काही बोलायचं होतं. चष्मेवाला म्हणाला, "आई, टेम्पोवाला थांबलाय." टेम्पोवाला खरं तर समोरच्या झाडाखाली निवांत बसला होता.

नवं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. आईला टेकडीची आठवण यायची, पण पाऊस संपून ऊन तापायला लागलं तरी खोकला परत आला नाही. एकदा जिन्यात शेजारणीशी बोलताना ती खळखळून हसली आणि हसणं खोकल्यात संपलं नाही, तेव्हा आत दाढी करणारा चष्मेवाला आरशासमोर तसाच उभा राहिला. त्याला खूप बरं वाटलं. आणि लगेच सिस्टर आठवल्या. आता हे नेहमीचंच झालं होतं, आईनं मोकळा श्वास घेतला की याचा अडकायचा. जुन्या घराच्या बाजूला तो फिरकत नव्हता. दुकानासमोरून पांढरा गणवेश गेला की काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागायचा.

त्या आल्या तेव्हा मात्र त्याला वाकायला वेळ मिळाला नाही.

"डोकं दुखतं," सिस्टर म्हणाल्या. "डोळे चुरचुरतात. नंबर वाढला असेल, बघा."

त्या आधीपेक्षा मोठ्यानं बोलत होत्या. त्याच्या ते लगेच लक्षात आलं, कारण खाणीच्या सवयीनं तो स्वतःही अजून तसाच बोलायचा. त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली, भिंगांची उघडी पेटी बाजूच्या टेबलावर ठेवली. मग नेहमीचे प्रश्न विचारायला लागला, आणि विचारता विचारता जीभ चावली.

"झोप?"

"दुपारी झोपायचे मी," त्या म्हणाल्या.

त्यानं भिंग बसवलं. "हे बरं की हे?"

"दुसरं. नाही, पहिलं. पुन्हा दाखवा बरं."

"हे… की हे?"

"मला वाटतं, पहि—"

बाहेरून ॲम्ब्युलन्स गेली. सिस्टर बोलायच्या थांबल्या. फ्रेमच्या मागचे डोळे समोरच्या अक्षरांच्या फळ्यावरच होते, पण दोन्ही हात बाजूला गेले आणि तळवे भिंगांच्या पेटीवर अलगद टेकले. जन्मभर ॲम्ब्युलन्सचा आवाज ऐकत आलेली ती बाई. आवाज बाजाराच्या टोकाला विरेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

"—पहिलंच बरं आहे," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी ते उचलून मांडीवर घेतले.

चष्मेवाल्याच्या बोटांत दुसरं भिंग तसंच राहिलं होतं.

"तुमच्या मामांकडे गेले होते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं त्याला वाटलं. "म्हटलं, विकून टाका ते घर. तर म्हणाले, आत्ता नको, थांबा, पावसाळ्यात काढू. पावसाळ्यात हातोहात जातं म्हणाले."

"मग?"

"मग काय. माझ्यासारखीच कोणीतरी येणार, खिडकीत उभी राहून कान देणार. माझ्याच्यानं नाही ते व्हायचं." त्यांनी फ्रेम काढून त्याच्या हातात दिली. "मावशींचा खोकला थांबला का?"

खोकल्याबद्दल तो त्यांच्याशी कधीच बोलला नव्हता. "थांबला," तो म्हणाला.

"बरं झालं," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच बरं वाटल्याचं दिसत होतं. "त्यांना सांगा, काचेचं सगळं खालच्या फळीवर ठेवलंय. तेव्हा मला कळलं नव्हतं."

"सिस्टर, मी…"

"चष्मा कधी मिळेल?"

"परवा," चष्मेवाला म्हणाला.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यानं ठरवलं होतं की आईला काही सांगायचं नाही. आई खिडकीपाशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "कोण कोण आलं होतं आज दुकानात?" आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. खालच्या फळीचा निरोपही सांगितला. मामाचं सांगितलं, आणि सिस्टर त्यावर काय म्हणाल्या तेही.

आईच्या हातातला टॉवेल अर्धा घडी होऊन राहिला. मग तिनं घडी पुरी केली, ढिगावर ठेवली आणि वरून हात फिरवला.

"चष्मा तरी नीट करून दे तिला," ती म्हणाली.