कुलपातून सुटलेली लाल पेटी

मी लाल पेटी. बडोद्यातल्या फतेगंजच्या एका दवाखान्यात जीव वाचवायची औषधं पोटात घेऊन बसायचे. आज मला इतका आनंद झालाय की कुणाला सांगू आणि कुणाला नको! तुम्ही भेटलात, तर तुम्हालाच सांगते.

खरं तर माझा जन्म औषधांसाठी नव्हताच. पाने-पक्कड ठेवायची साधी प्लास्टिकची पेटी मी. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानात बहिणींबरोबर टांगलेली असायचे. बहिणी एकेक करून कामगारांच्या सायकलींना लटकून प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्याकडे गेल्या. मला मात्र डॉक्टर निरुपमा दिघे यांनी उचललं. "लाल आहे, लांबूनही दिसेल," म्हणाल्या. झाकणावर पांढऱ्या रंगात 'तातडी' लिहिलं, खाली तेच गुजरातीत. पोटात ॲड्रेनॅलिनच्या कुप्या, सिरिंज, ऑक्सिजनचा मास्क. काय ऐट होती माझी!

आणि मग त्यांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

अंधारात बसून मी बाहेरचे आवाज ऐकायचे. सगळ्यात जास्त ऐकू यायचा पूर्णिमाचा. ती तिथली नर्स. ब्लडप्रेशर बघणं, मलमपट्टी, इंजेक्शन, रडणाऱ्या पोरांची समजूत, सगळं तिच्याकडे. एकदा डॉक्टर घरी पेशंट बघायला गेल्या असताना, लस घेतलेली एक मुलगी धाडकन खाली पडली. "किल्ली! किल्ली कुठंय?" एकच धावपळ. मी आत तडफडत होते. सुदैवानं मुलीला नुसती भोवळ आली होती, पाय वर करताच उठून बसली. पण संध्याकाळी हे ऐकून डॉक्टरांचा चेहरा उतरला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि पूर्णिमाला समोर बसवलं.

"मी नसताना कुणाला जोराची ॲलर्जी आली, श्वास कोंडायला लागला, तर ॲड्रेनॅलिनचं पहिलं इंजेक्शन तू द्यायचंस."

"मी? तुम्हाला न विचारता?" पूर्णिमा घाबरलीच. "मॅडम, काही बरंवाईट झालं तर लोक म्हणतील, नर्सनं डॉक्टरकी केली."

"म्हणूनच आधी ठरवून ठेवू. लेखी, माझ्या सहीनं. कोणती लक्षणं दिसली तर द्यायचं, किती, कुठे, नंतर काय करायचं. आणि तू काय करायचं नाहीस, तेही."

"तेच आधी लिहा," पूर्णिमा पटकन म्हणाली. डॉक्टर हसल्या.

पुढे कित्येक दुपारी त्या दोघी माझ्या शेजारी बसून वाद घालत होत्या. लिहिलं, खोडलं, मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांना दाखवलं, पुन्हा लिहिलं. मग सराव! मोसंबीला सुया टोचून झाल्या. नोंदणी टेबलावरचा कुशल पेशंट होऊन आडवा पडायचा आणि "मरी गयो, बेन, मरी गयो!" असं ओरडून सगळ्यांना हसवायचा. माझं झाकण दिवसातून कितीदा उघडायचं! कुलूप तर गेलंच. मी आता उघड्या फळीवर, पूर्णिमाच्या हाताशी.

आणि तो दिवस उजाडला. डॉक्टर बाहेर गेल्या होत्या. श्रीपतराव घोरपडे नावाचे निवृत्त शिक्षक मुलीचा, नीराचा, हात धरून आले. "बागेत मधमाश्या चावल्यात हो. जरा मलम लावा," एवढंच म्हणाले. पण खुर्चीत बसेपर्यंत अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, कपाळावर घाम फुटला. पूर्णिमानं ब्लडप्रेशर बघितलं. ते भराभर उतरत होतं.

"कुशल, १०८ ला फोन कर! मग मॅडमना!" तिनं काकांना आडवं केलं आणि माझ्याकडे हात टाकला.

नीरा मध्ये आली. "डॉक्टर येऊ देत! तुम्ही नर्स आहात."

पूर्णिमाचा हात माझ्या मुठीवर होता. तो तिनं काढला नाही. आवाज स्थिर होता. "ताई, अशा वेळी हे इंजेक्शन द्यायची परवानगी डॉक्टरांनी मला आधीच लेखी दिलीय. शिकवलंयही. आता वाट बघितली तर काका हातचे जातील."

नीरानं वडिलांकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते. ती बाजूला झाली. "द्या."

झाकण इतक्या जोरात ओढलं गेलं की माझी बिजागरी कट्कन तुटली. तुटू दे! माझ्या पोटातली कुपी पूर्णिमाच्या बोटांत होती! लेंग्यावरूनच मांडीत इंजेक्शन गेलं. पाय वर, तोंडावर ऑक्सिजन. "आवे छे, बेन, एम्ब्युलन्स आवे छे!" कुशल दारातून ओरडला. पूर्णिमा पुन्हा पुन्हा ब्लडप्रेशर बघत होती. आणि मग काकांची छाती शांतपणे वरखाली व्हायला लागली. ओठांवर रंग आला. मास्कमधून ते पुटपुटले, "नीरा, माझा चष्मा कुठंय गं?"

नीरा हसता हसता रडायला लागली.

थोड्या वेळानं काका घरी जायला निघाले! नीराही म्हणाली, "बेन, आता बरे आहेत ना? एखादी गोळी द्या, मी स्कूटरवरून नेते."

"नाही. ते ठरवणं माझ्या हातात नाही," पूर्णिमा म्हणाली. "हा त्रास पुन्हा उसळू शकतो. रुग्णालयात जायचं, पुढचं तिथले डॉक्टर बघतील." काका कुरकुरले, पण ती हलली नाही. इंजेक्शन देताना जितकी ठाम होती, तितकीच आत्ताही.

ॲम्ब्युलन्स आली आणि काकांना घेऊन निघाली, तेव्हा डॉक्टर धापा टाकत पोचल्या. पूर्णिमानं क्रमानं सगळं सांगितलं, एक शब्द न चुकता. डॉक्टरांनी तिला जवळ घेतलं. तेव्हा कुठे ती रडली.

काका पुढे खडखडीत बरे झाले. माझी बिजागरी मात्र बसेना. माझ्या जागी नवी पेटी आली. मला वाटलं, चला, आता भंगार. तर पूर्णिमा म्हणाली, "हिला टाकू नका मॅडम, मला हवीय."

आता माझ्या पोटात पाण्याच्या कुप्या आहेत. मी सरावाची पेटी झालेय! इतर दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी पूर्णिमाला बोलावलंय, त्यांच्या नर्सना शिकवायला. आज पहिला वर्ग, मांजलपूरला. मी दोरीनं बांधलेली, तिच्या स्कूटरवर तिच्या पायांशी, सिग्नलला थांबलेय. केवढं मोठं आहे हो बडोदं! मी पहिल्यांदाच बघतेय.

तुम्ही कुठल्याही दवाखान्यात गेलात तर एवढं विचारा: डॉक्टर बाहेर असतील तेव्हा तुमची तातडीची पेटी कोण उघडणार? त्यांना ते शिकवलंय का? विचारायला लाजू नका.

हिरवा दिवा लागला बघा. पूर्णिमाबेन, जरा जोरात घ्या! येते हं, आवजो!