रुपयाएवढा उजेड

"काहून एवढी घाई करून राहिली गं तू? खायला मिळते, प्यायला मिळते, सावलीत बसायला मिळते. गप पडून राहा ना कोपऱ्यात!"

पडद्याच्या दोन हात पलीकडून सासूबाईंची ही पुटपुट ऐकू आली आणि कणीक मळणाऱ्या हेमलताचा हात थांबला. आता आपण कसली घाई केली? ती मधल्या खोलीत डोकावली, तर सासूबाई खिडकीपाशी वाकून कुंडीशी बोलत होत्या. हेमलताला हायसं वाटलं. हल्ली सासूबाईंची बोलणी तिच्यात आणि त्या झाडात वाटली जायची, आणि झाडाच्या वाट्याला जरा जास्तच यायची.

झाडाचं नाव घटपर्णी. त्याच्या पानाच्या टोकाला दोरा फुटतो, दोऱ्याचं टोक फुगून घडा होतो, घड्याचं झाकण उघडलं की आत माश्या-मुंग्या पडतात आणि झाड त्या पचवून टाकतं. कांचघर मोहल्ल्यातल्या ज्या घरात चातुर्मासात कांद्याचं नावही काढायची सोय नव्हती, तिथं हा मांसाहारी पाहुणा आला तो रत्नाकरमुळे. रत्नाकर म्हणजे हेमलताचा नवरा. तो लष्करी ट्रकांच्या फॅक्टरीत होता; ट्रकांच्या देखभालीसाठी त्याला एकाहत्तर सालच्या जुलैत शिलाँगकडे पाठवलं होतं. डिसेंबरात लढाई झाली. जानेवारीत रत्नाकर यायचा, तर डालड्याच्या डब्यात बसून झाड आलं. आणणारा मुरलीधर, रत्नाकरच्याच तुकडीतला. एरवी बसल्या बैठकीला तीन कप चहा पिणारा माणूस. त्या दिवशी त्यानं उंबऱ्यातच डबा ठेवला, "मजेत आहे तो, तिकडची हवा मानवली त्याला," एवढं डब्याकडे बघत सांगितलं आणि सायकलवर टांग टाकली.

सोबत दोन पानी पत्र होतं. पावणेदोन पानं झाडाबद्दल. वाटेत घडे गळतील, घाबरू नका, नवे येतील, वगैरे. शेवटच्या पाव पानात हेमलताच्या वाट्याचं: "लढाईच्या कामामुळे सुट्टी नाही. पहिला घडा उघडला की मी आलोच समजा."

तेव्हापासून त्या घरात लढाई चालू होती.

बाहेर ती सोळा डिसेंबरलाच संपली होती. सराफ्यात पेढे वाटले गेले, गल्लीतल्या सगळ्यांनी खिडक्यांवरचे ब्लॅकआउटचे काळे कागद फाडून चुलीत घातले. एकट्या भय्यासाहेबांच्या घरचे कागद जसेच्या तसे. भय्यासाहेब म्हणजे सासरे. फॅक्टरीत केसाच्या जाडीचा फरक पकडण्यात उभी नोकरी गेलेली. लढाईत ते गल्लीचे वॉर्डन झाले आणि त्यांची शिट्टी परत मागायला कुणी आलं नाही. रोज संध्याकाळी सहाला ते शिट्टी फुंकत. कागद महाग झाला म्हणून त्यांनी पेपर बंद केला होता. घरात डिसेंबरच्या तीन तारखेपासून पंधरापर्यंतचे तेरा अंक होते, तेच ते आळीपाळीनं वाचत.

"ढाक्याच्या जवळ पोचून राहिले आपले लोक," ते मार्च महिन्यात सांगत.

"हो का? चला, बरं झालं," सासूबाई तांदूळ निवडत म्हणत.

हेमलता काही म्हणत नसे. लढाई संपली असं बायकोनं म्हटलं, तर मग नवरा काहून नाही आला, हेही तिनंच म्हणायला पाहिजे. आणि बायकोच्या तोंडून निघालं की ते खरं होतं, असा त्या घरातला न बोलता ठरलेला कायदा. तिला एवढंच कळायला हवं होतं, की वाट बघायची का सोडायची. पण त्यासाठी घडा उघडायला हवा होता, आणि घडा काही येत नव्हता.

सेवेत काही कमी नव्हतं. सासूबाई ग्वारीघाटाहून आणलेलं नर्मदेचं पाणी घालत. शेणखत घालत, वर ताक. एकादशीला झाडाला उपास. मग त्याच्यावर मलमलीचं फडकं, चुकून एखादी मुंगीही आत जायला नको. दुसऱ्या दिवशी पारण्याला एक मेलेली मुंगी बुडख्याशी. "मी नाही मारली हं," त्या आवर्जून सांगत, "ती आपणहून गेली."

पानांच्या कडा करपल्या. दोरे फुटायचे आणि आठ दिवसांत त्यांची टोकं नाहीशी व्हायची. एप्रिलात हेमलता उठली आणि मदन महलला जाऊन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या चिंतामणी मास्तरांना घेऊन आली.

मास्तरांनी माती चिमटीत धरून हुंगली. "ताक?"

"गाईचं," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, याचा स्वभाव उलटा आहे. खाऊपिऊ घातलं की मरते, हाल केले की फळफळते. गरिबीत वाढलेलं झाड आहे. खत बंद. नर्मदामाईला नमस्कार, पण तिच्या पाण्यात क्षार आहेत. याला पावसाचं पाणी, नाही तर बॅटरीत घालतात ते."

बॅटरीचं पाणी म्हटल्यावर भय्यासाहेब खुलले. हे त्यांच्या खात्यातलं निघालं. कुंडीत नारळाचा काथ्या, कोळशाचे तुकडे आणि विहिरीच्या कडेचं शेवाळ भरलं. मास्तरांनी दारावरच्या वाळ्याच्या पडद्यावर, खसच्या टट्टीवर, हात फिरवला. रोज पाणी मारून ती ओली ठेवली की दमट हवा होईल, झाडाला हेच पाहिजे.

"सब कुछ हो गया," मास्तर म्हणाले. "आता फक्त उजेड. हा काळा कागद काढून टाका."

भय्यासाहेब खिडकीच्या आडवे येऊन उभे राहिले.

"लढाई चालू असताना?" भय्यासाहेबांनी विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. सासूबाईंनी चपळाईनं त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले. मास्तरांनी एकदा पोह्यांकडे बघितलं, एकदा हेमलताकडे.

"हां," ते हळूच म्हणाले. "लढाई. तेही आहेच."

अंगणात ठेवावं तर लूची झळ भाजून काढणार. ओसरीत ठेवावं तर येणारा-जाणारा विचारणार, किसने भेजा, और भैया कब आ रहे हैं? शेवटी भय्यासाहेबांनी तोड काढली. कंपासनं मोजून त्यांनी कागदाला रुपयाएवढं भोक पाडलं. "शत्रूच्या विमानाला एवढं नाही दिसत," ते म्हणाले. संध्याकाळी सहाला शिट्टी, आणि भोकावर पुठ्ठ्याची चकती.

झाडाला रुपयाचा उजेड पुरेना. हेमलतानं बोलून बोलून भोक वाटीएवढं करून घेतलं, मग ताटाएवढं. दर वेळी भय्यासाहेब नवी चकती कापत आणि कडा कानशीनं घासत. हेमलतानं कुंडी उचलून खिडकीत अगदी आपल्या शिवणाच्या मशीनसमोर ठेवली, आणि दिवसभर तिथून हलेनाशी झाली. दोऱ्यांची टोकं गळायची थांबली. एक टोक फुगलं. बोराएवढं, मग खारकेएवढं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, झाकण उघडलं. हिरवा घडा, ओठ लालसर, आत पळीभर पाणी. पाच मिनिटांत एक माशी ओठावरून घसरली.

"आलाच समजा," भय्यासाहेब म्हणाले आणि दाढी करायला गेले.

रत्नाकरच्या आवडीचे अनारसे झाले. पलंगावर नवी चादर आली. पहिल्या दिवशी गाडी लेट होती. दुसऱ्या दिवशी पुलाचं काम चाललं असणार. पाचव्या दिवशी भय्यासाहेबांनी सात डिसेंबरचा अंक काढून सांगितलं, की सैन्यासाठी गाड्या राखून ठेवल्यात. घड्यानं तोवर अकरा माश्या आणि एक झुरळ खाल्लं. अनारशांना मुंग्या लागल्या.

आठव्या दिवशी संध्याकाळी हेमलता दूध घेऊन परतली तेव्हा सहाला पाचच मिनिटं होती. भय्यासाहेब पुठ्ठ्याची चकती बगलेत धरून, शिट्टी ओठात घेऊन घड्याळाकडे बघत उभे होते. सासूबाई कुंडीवर वाकल्या होत्या. दुसऱ्या पानाच्या टोकाला नवा घडा फुगत होता, आणि त्याच्या देठावर त्यांची नखं होती.

हेमलतानं त्यांचा हात धरला. मार्चपासून नाहीशी होणारी टोकं तिला आत्ता उमगली. ती घाई कुणाला नको होती, तेही.

"आई," ती म्हणाली, "काहून?"

सासूबाईंनी देठ सोडला. नखं हिरवी झाली होती.

"घडा नव्हता तोवर बरं होतं गं," त्या म्हणाल्या. "आता दुसरा उघडला तर कोणत्या तोंडानं सांगू तुला, की गाडी लेट आहे?"

घड्याळात सहाचे ठोके पडले. भय्यासाहेबांनी छाती भरून श्वास घेतला.

"नका वाजवू," सासूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "लढाई संपली, अहो. डिसेंबरातच संपली. रत्नाकरनं तिकडं दुसरं घर केलं आहे, आणि तो येत नाही."