सलग बहात्तर तास

संगणक जेमतेम जेवणाच्या डब्याएवढा. कागद कारखान्याच्या पाण्याच्या पंपांवर त्यानं नजर ठेवायची. दोन दिवसांत बसवून ये, असं सांगून ऑफिसनं तिला धाडलं होतं. आज अकरावा दिवस होता.

अट एकच. संगणक सलग बहात्तर तास चालला, की कारखान्याचा मॅनेजर सही करणार आणि तिची सुटका. पहिल्यांदा तो एक्केचाळीस तासांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मग साठ तासांनी. आज सकाळी अडुसष्टाव्या तासाला. दर वेळी मोजणी पुन्हा शून्यापासून. तिनं सगळं सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं, एकेक सेटिंग तपासलं, मेमरीसुद्धा बदलली. पॅनेलची खोली अशी, की दार लावलं तर जीव घुसमटायचा आणि उघडलं तर पंपांच्या आवाजानं डोकं उठायचं.

धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, आईचं डोळ्याचं ऑपरेशन परवा ठरलंय. तिनं तुझ्याच नावाचा घोशा लावलाय."

"येते गं."

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणालीस."

फोन ठेवून ती फोरमनच्या टेबलापाशी गेली आणि पंपांची नोंदवही चाळू लागली. तिन्ही वेळा, नेमक्या त्याच मिनिटाला, मोठा पंप सुरू झाला होता.

"काका, मोठा पंप लागला की वीज क्षणभर खाली येते आणि हा डबा झोपतो. दोघांची लाइन एकच आहे."

"माहीत आहे," फोरमन म्हणाला. "जुना डबाही असाच झोपायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इथे आहात तोवर खापर तुमच्या डोक्यावर. गेलात की माझ्या." त्याच्या आवाजात कसलाच कावा नव्हता. "नऊ वर्षं या खोलीला मी जखडलोय, मॅडम. हे अकरा दिवस जरा बरे गेले."

दुपारी दोघांनी मिळून वेगळी लाइन ओढली. तिनं मोठा पंप सहा वेळा चालू-बंद केला. डबा ढिम्म हलला नाही.

तरीही बहात्तर तास मोजणं आलंच. त्यातच ऑपरेशन होऊन गेलं. "नीट झालं," एवढंच बहीण बोलली.

मॅनेजरनं मान वर न करता सही केली. "पॅनेलच्या दारावर तुमचा नंबर लिहून जा. काही झालं तर फोरमन तुम्हालाच फोन करेल."

मार्कर घेऊन ती दारापाशी उभी राहिली. शेवटच्या आकड्यावर हात अडला. सातच्या जागी एक लिहिला असता तर कोण पडताळून बघणार होतं? शेजारी उभा असलेला फोरमन मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

तिनं सातच लिहिला.

"निदान आठवडाभर तरी फोन करू नका, काका," बॅग खांद्याला लावत ती म्हणाली.

"बघतो," तो म्हणाला, आणि तिला फाटकापर्यंत सोडायला निघाला.