घोडीच्या कानातला कापूस

आमच्या शर्यतीत घोडा सुसाट पळाला की संपलं. लोक हसतात, पण नियमच तसा. मागे दोन चाकांची हलकी गाडी, तीत हाकणारा, आणि घोड्याने शेवटपर्यंत दुडकी चालच ठेवायची. चौखूर उधळला तर लगाम खेचून मागे पडायचं. सारखा उधळला तर मैदानातून कायमचा बाद.

आमची घोडी पलीकडच्या वळणावरच उधळायची. तिथेच बाबांची गाडी उलटली आणि ते गेले. तेव्हापासून गाडी मी हाकते. पंचांनी बजावलं होतं, "पुन्हा उधळली तर बाद." बाद घोडी कुठे जाते, ते तबेल्यात कुणी बोलत नाही. मी तिला तिथे जाऊ देणार नव्हते.

वळण आलं की तिचे कान मागे फिरायचे, कुणी हाक मारल्यासारखे. म्हणून आज मी तिच्या कानांत कापसाचे बोळे घातले. बुजऱ्या घोड्यांना सगळेच घालतात. बोळ्यांना दोरी असते. शेवटच्या सरळ पट्ट्यात ती ओढली की बोळे निघतात, गर्दीचा गलका कानात शिरतो आणि घोडा जोर करतो. आई तबेल्याच्या दारातून बघत होती.

वळणावर घोडीचे कान ढिम्म हलले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला, आणि मागून आवाज आला.

"हळू गं बाई, हळू."

बाबा घोडीला असंच म्हणायचे. पुन्हा तेच, जरा मोठ्याने. मग माझं लाडाचं नाव.

"ढमे, थांब की!"

मला रडू फुटलं, पण मी वळून पाहिलं नाही. दोरीही ओढली नाही. घोडी दुडक्या चालीने शेवटून दुसरी आली. मला तेवढंच हवं होतं.

तबेल्यात आईने लगाम धरला. "उधळली?"

"नाही! वाचली आपली घोडी!"

आई हसली नाही. "म्हणजे आज तिला ते भेटलेच नाहीत," ती म्हणाली. "ती उधळली की मला बरं वाटायचं गं. वाटायचं, आहेत अजून."

"आई, आज त्यांनी मला हाक मारली."

"आणि तू?"

"मी थांबले नाही." आईने घोडीची मान थोपटली.

"कापूस काढ तिचा आधी," ती म्हणाली. "हाका मारून मारून दमले असतील ते."