काचेआडचा तक्ता

जरा वर बघा. केसपेपरच्या खिडकीशेजारी, कुलूपबंद काचेच्या पेटीत. मी जुलाबाचा तक्ता बोलतोय. नाव ऐकून नाक मुरडू नका, माझा जन्मच त्यासाठी झालाय.

मला एका चित्रकार बाईंनी घडवलं. आरोग्याच्या कचेरीत जिन्याखाली त्यांचं टेबल होतं. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळेल असा तक्ता त्यांना हवा होता. क्षाराची पुडी पाण्यात कशी मिसळायची, ते पाणी बाळाला चमच्याचमच्याने कसं पाजायचं आणि दवाखाना कधी गाठायचा, एवढंच माझ्यात मावायचं होतं.

लसीकरणाच्या दिवशी त्या मला गुंडाळून नेत आणि बायकांत जाऊन बसत. "यात काय दिसतंय?" एवढं विचारून गप्प राहत. एक जण म्हणाली, "पुडीचा कोपराच कापलाय, म्हणजे थोडीशीच टाकायची ना?" बाईंनी तिथंच पेन्सिल काढली आणि पुडी उलटी करून पार रिकामी होताना दाखवली.

माझ्या शेवटच्या चित्रात बाळाचे डोळे खोल गेले होते, मान पडली होती. एक आजी कौतुकानं म्हणाल्या, "किती शांत झोपलंय गं!"

बाई हादरल्या. सगळ्यात मोठा धोका तोच, आणि तोच गोड दिसत होता! ते चित्र त्यांनी इतक्यांदा खोडलं की कागद सोलवटला. अखेर आई हाका मारतेय, बाळाचा हात लोंबतोय आणि बाप अनवाणी दवाखान्याकडे धावतोय, असं काढलं. त्याच आजी ते बघून म्हणाल्या, "अगं बाई, याला आधी डॉक्टरकडे न्या!" तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला.

छापून झाल्यावर मी या दवाखान्यात आलो. इथले साहेब म्हणाले, "तक्ता छान आहे. उघड्यावर मळेल, पेटीत लावा." झालं, मी आत गेलो. काही दिवसांनी त्यांनी पेटीतच सुट्ट्यांची सूचना टाचली, नेमकी माझ्या शेवटच्या चित्रावर. "तात्पुरतं आहे," म्हणाले. मग त्यांची बदली झाली. किल्ली त्यांच्याबरोबर गेली की एखाद्या खणात पडली, कुणालाच ठाऊक नाही. त्या सगळ्या सुट्ट्या उलटून गेल्या, सूचना मात्र हलली नाही.

आत हवा नाही. दुपारी काच तापते आणि माझ्या कडा वळतात. माश्या कुठून शिरतात कोण जाणे, पण बाहेरची वाट त्यांनाही सापडत नाही. माझ्या पायाशी वाळून पडतात. लोक माझ्यासमोर थांबतात ते काचेत बघून केस सारखे करायला.

एका सकाळी मात्र एक तरुण आई खरंच मला वाचत बसली. मांडीवर बाळ, पुढे लांबलचक रांग.

"काय झालंय हो?" शेजारणीनं विचारलं.

"जुलाब. नुसतं रडत होतं. आत्ता एकदाचा डोळा लागलाय."

"मग उठवू नका बाई, झोपू दे."

आईनं पुडी पाहिली, पाणी पाहिलं, चमचा पाहिला. ओठ हलवत सगळं लक्षात ठेवलं. तिथून पुढचा बाण सूचनेखाली शिरतो. तिची नजर बाणामागून गेली आणि सुट्ट्यांवर अडली. बाळाचा हात तिच्या मांडीवरून लोंबत होता. मला दिसत होतं! पण ओरडायला तोंड नाही, फडफडायला जागा नाही. रांग सरकली, तशी तीही सरकली.

तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन बाहेर आली. तिचं लक्ष त्या हाताकडे गेलं.

"बाळाला हाक मारा बघू."

आईनं हाक मारली. गालावर हलकेच थोपटलं. पुन्हा मारली, मोठ्यांदा. बाळ हललं नाही. सिस्टरनं ट्रे खिडकीवर आदळला, बाळ उचललं आणि आत धावली.

बाळ वाचलं. पण आई बाहेर येऊन बाकावर बसली आणि म्हणत राहिली, "मला वाटलं झोपलंय. मला कुणी सांगितलंच नाही हो."

सिस्टर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. फटीतून पट्टी घालून तिनं सूचना ओढायचा प्रयत्न केला, पण पट्टी पोचेना.

"काच फोडू नका, सिस्टर, नसती चौकशी लागेल," कारकून म्हणाला. "नव्या साहेबांना अर्ज करा."

तिनं अर्ज केला. उत्तर अजून यायचंय. मग तिनं मार्कर घेतला आणि काचेवर बाहेरून चित्र काढलं. सूचनेखाली माझं कोणतं चित्र दडलंय ते तिला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी जे डोळ्यांनी पाहिलं, ते तिनं काढलं. बाळ बटाट्यासारखं, सिस्टरचे पाय काड्यांसारखे. पण हात अगदी तसाच लोंबतोय.

दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या मावशींनी ते पुसून टाकलं. "मला वाटलं, पोरांनी रेघोट्या मारल्यात!" सिस्टरनं पुन्हा काढलं. आता मावशी तेवढा भाग सोडून काच पुसतात.

मी आतच आहे. रंग उडत चाललाय, कडा तुटतायत. मला बाहेर काढायला कुणी आलं नाही तरी माझी तक्रार नाही. फक्त इथं उभे आहात तोवर काचेवरचं ते वेडंवाकडं चित्र बघून घ्या. आणि कडेवरचं लेकरू हाक मारूनही जागं होत नसेल, तर केसपेपरची वाट बघू नका. रांग मोडा.